पिंपळाला शिडी लागत नाही

पिंपळगाव रेणुकाईच्या बाजाररस्त्यावर एक व्यापारी संकुल आहे. खाली गाळे, वर दोन मजले ऑफिसं, दर्शनी बाजूला निळी काच आणि चकचकीत एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या आवरणाचे पत्रे. मालकाचं नाव सांगत नाही. अशी संकुलं भोकरदनपासून जालन्यापर्यंत गावोगाव उभी आहेत, एकट्याला बोल लावून काय होणार? या संकुलाच्या मागच्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण २८ फुटांवर, सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यात पिंपळाचं रोप उगवलंय. तीन वर्षांपूर्वी मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला चार पानं होती. दोन बोटांनी निघालं असतं. आज ते हातभर झालंय, मुळं गिलाव्यात शिरलीत आणि सांध्यापासून एक भेग खाली उतरत चाललीय.

गावाच्या नावातच पिंपळ. तो उपटायला हात धजत नाही, हे मला समजतं. पण इथे अडचण श्रद्धेची नाही. ते रोप अलगद काढून मोकळ्या जागी लावायला मालक एका पायावर तयार आहे. अडचण एवढीच, की त्या रोपापर्यंत पोहोचता येत नाही.

गच्चीवर जायला जिना नाही. "वर कोण जातंय?" म्हणून शेवटचा टप्पा बांधलाच नाही. मागचा बोळ अडीच फुटांचा. शिडी लावायचा साधा नियम आहे: चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर. २८ फुटांसाठी सात फूट जागा हवी, इथे तिचा निम्मादेखील हिस्सा नाही. मागच्या खिडक्या पक्क्या बसवलेल्या, उघडतच नाहीत. वरून दोर सोडावा तर कठडा चार इंची विटेचा, माणसाच्या वजनाने तोच खाली यायचा. एका पाखराने बी टाकलं आणि पिंपळ तिथे पोहोचला. इमारत बांधणाऱ्यांना तिथे पोहोचता येत नाही.

इमारतीच्या बाहेरच्या अंगाची निगा कोण राखणार, तिथे कुठून जाणार आणि कशाला धरून उभा राहणार, ही तीन उत्तरं पहिल्या नकाशावर काढलेली असली पाहिजेत. पाया खोदण्याआधी. ती नसतील तर तो नकाशा अपुरा आहे, मग त्यावर कितीही शिक्के बसोत.

*

दिवाळीच्या तोंडावर मी एका रंगाऱ्याशी बोलत बसलो होतो. वीस वर्षं या भागातल्या इमारती रंगवतोय. त्याचा झुला मी जवळून पाहिला. एक फळी, दोन नायलॉनचे दोर, फळीच्या टोकांना गाठी. गाठींच्या जागी दोराचे पीळ विस्कटलेले आणि रंगाने कडक झालेले. फळीच्या मधोमध बसून बसून लाकूड गुळगुळीत झालेलं.

"मिस्तरी, सगळ्यात अवघड काय जातं?"

"सर, रंग मारणं कधीच अवघड गेलं नाही. दोर कुठं बांधायचा, हेच खरं काम."

मग त्याने सांगितलं. कधी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या पाइपाला. कधी जुन्या डिश अँटेनाच्या पायाला. कधी वाळूच्या गोण्यांना, आणि त्या गोण्यांवर एक पोरगा बसवून. एका ठिकाणी वर काहीच नव्हतं, तेव्हा दोर गच्चीवरून पलीकडे टाकला आणि खाली उभ्या ट्रॅक्टरला बांधला.

"अन् कुणी ट्रॅक्टर चालू केला असता तर?"

"चावी माझ्या खिशात होती."

वीस वर्षं काम केलेल्या कारागिराचा जीव एका चावीवर. ही हकीकत त्याने मोठ्या शौर्याची म्हणून सांगितली नाही, रोजचं काम सांगावं तशी सांगितली. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्याच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी केलेल्या कामगारांना जो संच मिळतो, त्यातली. वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला द्यायचा, वय १८ ते ६० च्या दरम्यान असायचं, म्हणजे नोंदणी होते. संचात हेल्मेट आहे, बूट आहेत, आणि अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा आहे, ज्याला हार्नेस म्हणतात. त्याने पेटी उघडून दाखवली. पट्टा कोरा करकरीत. प्लास्टिकची पिशवीसुद्धा निघालेली नाही.

"मिस्तरी, हा का घालत नाही तुम्ही?"

त्याने पट्ट्याचा लोखंडी हूक हातात धरून माझ्यापुढे केला. "घालतो की. पण हा अडकवू कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे कुठून असणार? ते उत्तर नकाशा काढणाऱ्याकडे असायला हवं, स्लॅब टाकणाऱ्याकडे असायला हवं. शासनाने पट्टा दिला, त्याबद्दल धन्यवाद. पण पट्ट्याचं एक टोक माणसाच्या अंगावर असतं आणि दुसरं इमारतीत. दुसरं टोक आपण बांधलेलंच नाही. मग माणूस उंचावरून पडला की आपण म्हणतो, "बेल्ट लावला नव्हता." हा आरोप मला यापुढे ऐकायचा नाही. आधी इमारतीत कडी दाखवा, मग त्याच्या अंगावर पट्टा शोधा.

*

"दोन-तीन मजल्यांचं तर आहे, मुंबईचा टॉवर थोडाच आहे?" हे वाक्य मला प्रत्येक मालकाने ऐकवलंय. त्यांनी एक हिशोब करून पाहावा. २८ फूट म्हणजे साडेआठ मीटर. तिथून सुटलेला माणूस १.३ सेकंदांत जमिनीवर येतो आणि आदळताना त्याचा वेग ताशी ४६ किलोमीटर असतो. 'आई गं' म्हणायलाही तेवढा वेळ पुरत नाही. खाली बोळातला कोबा किंवा नालीची कड. त्यानंतर गाडी शोधायची, भोकरदन गाठायचं, तिथून पुढे जालना नाहीतर छत्रपती संभाजीनगर. उंची कमी असल्याने धोका कमी होत नाही, फक्त काळजी कमी होते.

मोठ्या शहरातल्या उंच इमारतीवर निदान कुणाचं तरी लक्ष असतं. देखभालीचं कंत्राट असतं, यंत्रं असतात. आपल्या तीन मजल्यांवर कुणाचंच लक्ष नाही. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने बांधकामाच्या व्याख्येत दुरुस्ती आणि देखभाल दोन्ही घेतली. व्याख्या उत्तम होती. पण तो कायदा दहा किंवा त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनेसाठी केलेला. आपल्याकडे रंगारी, त्याचा भाचा आणि दोर धरणारा पोरगा, अशी तिघांची टोळी असते. व्याख्येत ते बसले, संख्येत बसले नाहीत. त्यांच्यासाठी कायद्याची वाट बघत बसण्यापेक्षा एक कडी बसवणं लवकर होईल.

*

हे शहाणपण आपल्याला बाहेरून आणायचं नाही. आपल्याच मातीत होतं.

मराठवाड्यातलं माळवदाचं घर आठवा. तुळया, त्यावर लाकडी पट्ट्या, त्यावर पाला आणि मातीचा जाड थर. उजेडाला आणि धूर जायला सवणं. मृगाच्या आधी दरवर्षी माळवदावर चढून नवी पांढरी माती टाकावी लागायची, चोपून बसवावी लागायची, सवण्याच्या कडा नीट कराव्या लागायच्या. नाही केलं तर घर गळायचं. ही गोष्ट बांधणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. म्हणून माळवदाच्या घराला वर जायची वाट असायचीच. कुठे भिंतीतून काढलेला दगडी जिना, कुठे कायमची टेकवलेली लाकडी शिडी. आजी वर पापड, कुरडया वाळत घालायची ती त्याच वाटेने, आणि वडील माती टाकायचे तेही त्याच वाटेने. घराला दरवर्षी हात लावावा लागणार, हे ज्याने मान्य केलं, त्याने हात पोहोचायची सोय आधी केली.

आफ्रिकेत माली नावाचा देश आहे. तिथे जेने गावात मातीची भव्य मशीद आहे. आजचं तिचं रूप १९०७ सालचं. गावासकट ती १९८८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिच्या भिंतींतून ताडाच्या लाकडांचे जुडगे बाहेर आलेले दिसतात. लांबून बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. ती नुसती नक्षी नाही, ती पायरी आहे. दरवर्षी सगळा गाव मिळून भिंतींना नवा मातीचा लेप देतो, आणि लेप देणारे त्या लाकडांवर पाय ठेवून वर चढतात. परांची बांधायला नको, कारण परांची भिंतीतच बांधलेली आहे. माळवदावर माती टाकणाऱ्या आपल्या पणजोबांना ती इमारत एका नजरेत कळली असती.

मातीच्या घराने आपल्याला नम्र ठेवलं होतं. सिमेंट आलं आणि आपण समजलो, आता हात लावायची गरज संपली. काच आली आणि समजलो, ही तर पावसानेच धुतली जाईल. दोन्ही समज खोटे निघाले. आपल्या बोअरच्या क्षाराच्या पाण्याने काच धुतली की पांढरे डाग पडतात, ते पुसायला माणूस लागतो. एसीपीच्या पट्ट्यांचे स्क्रू उन्हातान्हाने सैल होतात, मे महिन्याच्या वावटळीआधी ते आवळायला माणूस लागतो. पाइपाच्या सांध्यात पिंपळ उगवतो, तो काढायला माणूस लागतो. फरक इतकाच, की माळवदाला वाट होती आणि काचेला नाही.

काचेच्या इमारतींनी ही गोष्ट शिकायला फार वेळ घेतला नव्हता. न्यूयॉर्कला १९५२ साली लेव्हर हाउस उभं राहिलं, आपल्याकडे लक्स आणि लाइफबॉय विकणाऱ्या साबण कंपनीचं अमेरिकेतलं मुख्यालय. वातानुकूलनासाठी तिच्या काचा पक्क्या बंद केलेल्या होत्या. उघडत नाहीत म्हणजे आतून पुसता येणार नाहीत, हे वास्तुरचनाकारांनी कागदावर असतानाच ओळखलं आणि छतावर रूळ टाकून त्यावरून फिरणारा, काचेसमोर खाली उतरणारा पाळणा इमारतीचाच भाग केला. काच बंद ठेवायची तर बाहेरची वाट उघडी ठेवायची. सत्तर वर्षांपूर्वी त्यांनी हा हिशोब मांडला. आपण काच घेतली आणि हिशोब तिथेच ठेवून आलो.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? गावातला जलकुंभ बघा. त्याला बाहेरून वळत जाणारा जिना आहे, कारण टाकी धुवायला माणूस चढणार हे आराखड्यात लिहिलेलं असतं. मोबाइलचा टॉवर बघा. त्याला तळापासून शिडी आहे. सरकारच्या टाकीला वाट मिळाली, कंपनीच्या टॉवरला मिळाली. गावातल्या माणसाने आयुष्याची कमाई घालून बांधलेल्या संकुलाला मात्र नाही. हा पैशाचा प्रश्न नाही. कुणी विचारलंच नाही.

*

तर विचारायचं काय? मी इंजिनिअर नाही. पण ज्यांनी ही कामं केली त्यांच्याकडून, आणि मोडलेल्या इमारती बघून, एवढं शिकलोय.

पहिलं, गच्चीपर्यंत जिना न्या. लोखंडी आकड्यांची उभी शिडी नको, पूर्ण जिना. हातात रंगाची बादली घेऊन माणूस उभ्या शिडीवर चढतो तेव्हा त्याला धरायला एकच हात उरतो. गच्चीचा कठडा कमरेच्या वर आला पाहिजे आणि तो स्लॅबशी बांधलेला असला पाहिजे.

दुसरं, गच्चीवर कड्या ठेवा. इथे मी हात जोडून सांगतो: उरलेल्या सळईचा तुकडा वाकवून स्लॅबमध्ये खोचू नका. आपला जिल्हा सळईचा आहे, जालन्याच्या कारखान्यांतून ट्रकच्या ट्रक निघतात, म्हणून हा मोह फार होतो. पण स्लॅबच्या पृष्ठभागाशी पाणी साचतं, तिथेच सळई गंजते, आणि आतून किती खाल्ली गेलीय ते वरून दिसत नाही. कडी जस्ताचा मुलामा दिलेली किंवा स्टेनलेस स्टीलची हवी, आणि ती तुळईत किंवा खांबात, इंजिनिअरने हिशोब करून दाखवलेल्या जागी हवी. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत दोरावरून उतरणाऱ्या एका माणसामागे कडीची ताकद ५,००० पौंड धरतात, म्हणजे जवळजवळ २,२७० किलो. माणूस ७० किलोचा असला तरी घसरून झटका बसतो तेव्हा ओढ कितीतरी पट असते. वाळूच्या गोण्या तिथे काय पुरणार? त्याच नियमांत ती कडी दरवर्षी तपासायची आणि निदान दहा वर्षांतून एकदा प्रमाणित करायची जबाबदारी इमारतीच्या मालकावर आहे. काम सुरू होण्याआधी मालकाने तसं लेखी द्यायचं. जबाबदारी रंगाऱ्यावर नाही, मालकावर. मला हे वाटप न्यायाचं वाटतं. कडी त्याच्या इमारतीत आहे.

तिसरं, पायथ्याची जागा. मागचा बोळ शिडी उभी राहील एवढा सोडा. इंच इंच जागा गाळ्यात घालायचा हव्यास मी समजू शकतो, रस्त्यावरच्या गाळ्याला भाव आहे. पण मागच्या भिंतीवरून पाणी झिरपायला लागलं की त्याच गाळ्याचं भाडं कमी होतं. गळती आतून दिसते, तिचं कारण बाहेर असतं. भाडेकरू आतून चार वेळा रंग देतो, पाचव्यांदा गाळा सोडतो.

चौथं, विजेची तार. यावर जरा थांबतो, कारण इथे पडायलाही वेळ मिळत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे ११ केव्हीपर्यंतच्या उच्चदाब वाहिनीपासून इमारतीचं आडवं अंतर किमान १.२ मीटर हवं. म्हणजे चार फूट. नियम पाळून बांधलेली इमारतसुद्धा तारेपासून चार फुटांवर असू शकते. आता रंगाऱ्याच्या रोलरची दांडी बघा. ओढून लांब होणारी, बहुतेक वेळा धातूची, आणि पूर्ण उघडली की चार फुटांहून मोठी. त्यात तो झुल्यावर बसून भिंतीला पाय लावून वळतो. कागदावरचं अंतर रिकाम्या भिंतीसाठी आहे, भिंतीवर काम करणाऱ्या माणसासाठी नाही. म्हणून ज्या बाजूला तार आहे, त्या बाजूला बाहेरून रंगवावं, पुसावं लागेल असं काहीच देऊ नका. तिथे आतून उघडणाऱ्या, हात बाहेर न काढता पुसता येणाऱ्या खिडक्या द्या. आणि इमारत रंगवायची असेल त्या दिवशी वीज कंपनीकडून लेखी बंद घ्या.

पाचवं, एसी. बाहेरचं युनिट दर्शनी भिंतीवर अधांतरी टांगतात. दुरुस्तीला येणारा पोरगा खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबकळतो आणि आतून दुसरा त्याचे पाय धरतो. हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय आणि पुढे निघून गेलोय. गच्चीवर किंवा सज्ज्यावर, दार उघडून उभ्याने पोहोचता येईल अशी जागा नकाशातच दाखवा.

सहावं, पत्र्याची शेडं. हे मिरचीवाल्यांसाठी आहे. उन्हाळ्यात लावलेली मिरची पावसाळ्यात तोडणीला येते, परराज्यांतले व्यापारी इथे येऊन बसतात, ट्रक भरले जातात. शेडाला हंगामात श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि नेमकं तेव्हाच पन्हाळीत पालापाचोळा अडकून पाणी आत येतं. मग कुणीतरी वर चढतो. पत्र्यांच्या मधे उजेडासाठी फायबरचे पारदर्शक पत्रे असतात. दोन-तीन उन्हाळ्यांत ते ठिसूळ होतात, धुळीने बाकीच्या पत्र्यांच्या रंगाचे होतात, आणि वरून ओळखू येत नाहीत. पाय पडला की माणूस थेट खाली. शेड उभं करतानाच पन्हाळीच्या कडेने चालायची जाळीदार पट्टी बसवा, फायबरच्या पत्र्यांखाली तारेची जाळी द्या, वर जायची एक पक्की शिडी एका ठरलेल्या जागी ठेवा. छतावर सोलरच्या पाट्या टाकणार असाल तर कडेपर्यंत भरू नका, मधे चालायला वाट सोडा. आपल्याकडची धूळ त्यांना वारंवार धुवायला लावणार आहे, आणि धुणारा माणूस ओल्या काचेवर उभा राहू शकत नाही.

सहा गोष्टी. यातली एकही नवलाची नाही.

*

"हे नंतरही बसवता येईल की." बसवता येतं. मग ऐका कसं. झालेल्या स्लॅबला भोक पाडायचं, भोक पाडताना आतली सळई कुठे आहे ते शोधायचं, रसायन भरून बोल्ट बसवायचा, तो ओढून तपासायचा. या सगळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग फुटतं आणि पुढच्या पावसात खालच्या ऑफिसच्या छताला ओल येते. स्लॅबच्या दिवशी तीच कडी सळईच्या जाळ्यात बांधायला फिटरला काही मिनिटं लागतात. बोळ तर नंतर रुंद करताच येत नाही. भिंत मागे सरकत नाही. ज्या गोष्टी सुरुवातीला स्वस्त असतात आणि नंतर अशक्य होतात, त्या सुरुवातीलाच करायच्या असतात. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. मिरचीच्या बेडवर ठिबकची नळी तो मल्चिंगच्या आधी टाकतो, नंतर नाही.

ब्रिटनने १९९५ पासून हे आराखडा काढणाऱ्याचं कायदेशीर कर्तव्य केलंय. बांधणाऱ्या मजुराचा जीव जसा विचारात घ्यायचा, तसा पुढे ती इमारत झाडणाऱ्या-पुसणाऱ्याचा आणि दुरुस्त करणाऱ्याचाही. धोका आराखड्यातच काढून टाकायचा, काढता येत नसेल तर कमी करायचा, आणि उरलेल्याची माहिती पुढच्या माणसाला लेखी द्यायची. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत मालमत्ता व सुविधा व्यवस्थापनाचा स्वतंत्र भाग आला. इमारत बांधून झाली की काम संपत नाही, ते तिथून सुरू होतं, हे संहितेने मान्य केलं. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने तर मालकाला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायला लावलं. म्हणजे इमारतीचं आरोग्य ठराविक महिन्यांत तपासायची पद्धत आपल्याला परकी नाही. तीच पद्धत गच्चीवरच्या कडीला लावा.

पण कायद्याआधी करता येण्यासारखं खूप आहे. ग्रामपंचायत गाळे बांधते, बाजार समिती गाळे बांधते, पतसंस्था इमारत बांधते. त्यांनी निविदेत एक ओळ घालावी: बाहेरून देखभालीची वाट आणि कड्यांच्या जागा नकाशात दाखवाव्यात. बँकेने कर्ज देताना हे पान मागावं. आणि इंजिनिअर मित्रांनो, तुमची सही ज्या कागदावर आहे, त्या कागदावर एक माणूस काढा. अगदी साधा, काडीचा. तो इमारतीच्या बाहेर, तिसऱ्या मजल्यावर काढा. मग त्याचे पाय कशावर आहेत आणि हात कशात आहेत, ते दाखवा. दाखवता आलं नाही तर नकाशा परत घ्या.

मालकांना माझी एक विनंती आहे. भूमिपूजनाचा नारळ फोडण्याआधी तुमच्या रंगाऱ्याला नकाशा दाखवा. वास्तुशास्त्रवाल्याला दाखवता ना? त्याने ईशान्य बघितली असेल. हा दोर बघेल. तासाभराचा चहा होईल, आणि पुढच्या चाळीस वर्षांत त्या भिंतीवर चढणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाचा विचार एकदा तरी होईल.

*

पिंपळाच्या त्या संकुलासमोर, रस्त्याच्या पलीकडे, नवं संकुल उठतंय. परवा तिथे गेलो होतो. वरच्या स्लॅबची सळई बांधून झालीय. सेंट्रिंगच्या फळ्यांवरून चालत कडेपर्यंत गेलो. मागच्या बाजूला बोळ तीन फुटांचा, तो आता बदलणार नाही. पण सळईचं जाळं उघडं आहे. जिन्याच्या खोलीचे खांब अजून वर यायचेत. चार कड्या बसू शकतात.

मालक खाली खुर्ची टाकून बसला होता. भला माणूस आहे. मी रंगाऱ्याला सोबत नेलं होतं आणि त्याने पिशवीतून तो कोरा पट्टा आणला होता. मालकाने हूक हातात घेतला, उघडून बघितला, मिटून बघितला. समोरच्या भिंतीवरच्या पिंपळाकडे बघितलं. मग इंजिनिअरला फोन लावला. फोन लागला नाही. "संध्याकाळी परत लावतो," म्हणाला.

स्लॅब गुरुवारी आहे. मिक्सर सकाळी सातला येणार. तोवर वेळ आहे.